मेट ऑपेराचा ऑनलाइन संग्रह आणि गेल्ब यांचा कारभार: काही महिन्यांच्या वापरानंतर

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या ‘ऑन डिमांड’ संग्रहाचे सदस्यत्व घेऊन आता बरेच महिने झाले. चित्र आणि ध्वनी उत्तम आहेत, त्याविषयी अधिक लिहीत नाही. मला या संग्रहाचे मोल वेगळ्या कारणासाठी वाटते. 1977 पासूनची दूरचित्रवाणीसाठीची चित्रणे आणि 2006 नंतरची चित्रपटगृहांसाठीची चित्रणे त्यात एकत्र असल्यामुळे, 2006 पासून संस्थेची धुरा वाहणाऱ्या पीटर गेल्ब यांचा कारभार आपल्या डोळ्यांनी पारखता येतो.

जर्मन संगीतकार वाग्नरची ‘रिंग’ ही चार ऑपेरांची मालिका त्यासाठी सर्वांत उपयोगी पडली. दिग्दर्शक ऑटो शेंक यांचा जुन्या वळणाचा, निसर्गचित्रासारखा प्रयोग 1989-90 मध्ये चित्रित झाला. गेल्ब यांनी 2010 ते 2012 या काळात रोबेर लपाज यांच्याकडून नवा प्रयोग बसवून घेतला, ज्यासाठी 24 फिरत्या फळ्यांचे सुमारे 45 टनी यंत्र उभारले गेले आणि ते पेलण्यासाठी रंगमंचाखाली पोलादी आधार द्यावे लागले. शेंक यांच्या प्रयोगात जेम्स मॉरिस यांचा वोटान, म्हणजे देवांचा राजा, लेकीचा निरोप घेतो, तेव्हा बापाच्या दुःखाखेरीज दुसरे काही जाणवत नाही. लपाज यांच्या प्रयोगातील वोटान ब्रिन टर्फेलही तितक्याच ताकदीने गातात, परंतु आता फळ्या कुठे वळणार याकडेच माझे लक्ष राहते. एवढा खर्च यंत्रावर करण्याचा निर्णय मला आजही पटत नाही.

उलट 30 डिसेंबर 2006 रोजी सुरू झालेली चित्रपटगृहांतील थेट प्रक्षेपणे ही गेल्ब यांची निःसंशय मोठी कामगिरी आहे. गायकाचा चेहरा इतक्या जवळून दिसतो की भाषा न कळणाराही प्रसंगात गुंततो. मात्र सुमारे 3,800 आसनांचे सभागृह तो आवाज कितपत भरून काढतो, हे कॅमेरा सांगत नाही.

मार्च 2020 मध्ये नाट्यगृह बंद झाल्यावर हाच संग्रह रोज रात्री जगभर विनामूल्य दाखवला गेला, आणि त्याच काळात, एप्रिलपासून जवळपास वर्षभर, वादक व गायकवृंदाला वेतन मिळाले नाही. ज्यांच्या वादनावर ही चित्रणे उभी आहेत, तेच बिनपगारी होते. त्यामुळे त्या उदारतेचे श्रेय गेल्ब यांना देताना माझा हात आखडतो.

नव्या कृतींबाबत मात्र मी त्यांच्या बाजूचा आहे. 2008 मध्ये त्यांनी फिलिप ग्लास यांचा ‘सत्याग्रह’ मेटमध्ये आणला, ज्यात दक्षिण आफ्रिकेतील गांधीजी भगवद्गीतेतील संस्कृत वचने गातात. 2021 मध्ये टेरेन्स ब्लँचर्ड यांच्या रूपाने प्रथमच एका कृष्णवर्णीय संगीतकाराचा ऑपेरा तेथे झाला. पुढे आर्थिक ओढाताणीत संस्थेने राखीव निधीतून 3 कोटी डॉलरपर्यंत रक्कम काढण्याचे ठरवले, ही गोष्ट चिंतेची आहे. तरीही त्यापायी नवे ऑपेरे थांबवावेत असे मला वाटत नाही. सदस्यत्व घेणाऱ्या मराठी श्रोत्याने सुरुवात ‘सत्याग्रह’च्या 2011 च्या चित्रणापासून करावी.