ई-बुक की छापील: लेखकाच्या हाती किती?

छापील पुस्तकावर प्रकाशक साधारण ७ ते १५ टक्के रॉयल्टी देतो. पेपरबॅकला कमी, पुठ्ठा बांधणीला जास्त. त्याच प्रकाशकाने ई-बुक काढलं तर बहुधा निव्वळ वसुलीच्या २५ टक्के. आकडा भरघोस वाटतो, पण करारातल्या ‘निव्वळ’वर बोट ठेवा: विक्रेत्याचं कमिशन आधीच वजा झालेलं असतं.

स्वतः ई-बुक काढलंत तर चित्रच पालटतं. अ‍ॅमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करायच्या सेवेवर, ठरावीक किंमतपट्ट्यात ७० टक्के, एरवी ३५. सत्तरातूनही फाइलच्या आकारानुसार डिलिव्हरी खर्च कापतात. कादंबरीला तो जाणवतही नाही, फोटोंनी भरलेल्या पुस्तकाला मात्र चांगलाच चावतो. म्हणून नुसता मजकूर असेल तर मी आधी ई-बुकच काढेन.

छापील प्रतींचं दुखणं वेगळं: दुकानांतून परत येणारे गठ्ठे. त्यापोटी प्रकाशक रॉयल्टीतली काही रक्कम अडवूनही ठेवतात.