जुना नकाशा की उपग्रहचित्र? मुंबईत घर घेण्याआधी

कुर्ला, कलिना, सायन या पट्ट्यात घर बघत असाल, तर गच्चीवरून काय दिसतं यापेक्षा इमारतीखाली आधी काय होतं, हे बघा. त्यासाठी सर्वे ऑफ इंडियाचा जुना नकाशा हाताशी घ्यायचा, की गूगल अर्थवर मागची वर्षं उलगडायची? मी दोन्ही बघते, पण सुरुवात नकाशापासूनच.

एक इंचाला एक मैल या मापाच्या जुन्या नकाशात दलदलीच्या जागी गवताच्या झुपक्यांची खूण असते. आज वांद्रे-कुर्ला संकुल उभं आहे ती जमीन मिठी नदीकाठची अशीच पाणथळ होती. शिवाय नकाशात नावं असतात. उमरखाडी या नावातच खाडी आहे. पायधुनीला लोक पाणी ओलांडून आल्यावर पाय धुवायचे, असं सांगतात. तिथे आज नुसता रस्ता दिसतो. पाण्याची आठवण नावातच उरली आहे, आणि उपग्रहचित्राला नाव ठाऊक नसतं. जुन्या मुंबई बेटापुरतं बघायचं असेल, तर 1865 ते 1872 दरम्यान लॉटन यांनी केलेल्या मोजणीचे नकाशे इतक्या मोठ्या मापाचे आहेत की इमारतींचे आकारही ओळखू येतात.

नकाशाची अडचण अशी, की दोन मोजण्यांच्या मधे कित्येक वर्षं जातात. भराव नेमका कधी पडला, ते त्यातून कळत नाही. तिथे चित्रं कामाला येतात. गूगल अर्थमध्ये तारखा मागे सरकवत गेलात, तर आधी खारफुटीचा गडद हिरवा, मग मातीचा तांबूस डाग, मग छपरं असा क्रम समोर येतो. 2000 नंतरचा प्रश्न असेल, तर चित्रच घ्या. त्याआधीची लँडसॅट उपग्रहांची चित्रं 1972 पासून आहेत, पण सुरुवातीच्या चित्रांत एक ठिपका साधारण 80 मीटरचा, नंतरच्यांत 30 मीटरचा. गल्लीतला नाला त्यात हरवतो.

चित्र बघताना दोन ठिकाणी फसगत होते. एक, भरती-ओहोटी. ओहोटीला टिपलेल्या चित्रात चिखल उघडा पडतो आणि भराव झाल्यासारखा वाटतो. म्हणून एका चित्रावर कधीच विसंबू नका, तीन-चार तारखा बघा. दुसरं, ढग. स्वच्छ चित्रं बहुतेक कोरड्या महिन्यांतली असतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी काठ सोडून वस्त्यांत शिरली. जानेवारीच्या चित्रात ती एवढीशी रेघ असते.

विमानतळाजवळ दोन्ही शेजारी ठेवून बघाच. धावपट्टीसाठी वळवलेलं मिठीचं पात्र चित्रात काटकोनात वळताना दिसतं. त्याच्याही आधीचा नकाशा मिळाला, तर नदीची मूळ वाट सापडते. तुमची इमारत त्या मूळ वाटेवर येत असेल, तर बिल्डरला जोत्याची उंची आणि पाणी जाण्याची सोय विचारा, आणि सही करण्याआधी एकदा भर जुलैत, भरतीच्या वेळी, तिथे जाऊन उभे राहा.