वॉटरमार्क, रॉ फाइल की नोंदणी : आपल्या फोटोंसाठी काय निवडाल?

कॉपीराइट ‘काढावा’ लागतो, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढला की हक्क साधारणपणे काढणाऱ्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यापुढे ६० वर्षं टिकतो. तेव्हा ठरवायचं आहे ते एवढंच : पैसा आणि वेळ चोरी अडवण्यावर घालवायचा, की उद्या भांडण झालंच तर फोटो आपलाच आहे हे दाखवण्यावर?

अडवण्यासाठी वॉटरमार्क, म्हणजे फोटोवरच उमटवलेलं आपलं नाव. खर्च शून्य. पण कोपऱ्यातलं नाव कापायला काही सेकंद पुरतात आणि मधोमध टाकलं तर कासच्या पठारावरच्या फुलांपेक्षा तुमचंच नाव आधी दिसतं. त्यात आता नाव पुसून देणारी अ‍ॅप्स फुकट मिळतात. तरी एक फायदा आहे. हक्कदाराची ओळख सांगणारी माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हा कलम ६५-ब खाली वेगळा गुन्हा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाव पुसलेलं असेल, तर ‘मला माहीत नव्हतं, नेटवर मिळाला’ हे म्हणणं अवघड जातं. माझ्या मते छोटं नाव आणि कमी रिझोल्यूशन एवढं पुरे.

रॉ फाइलचं, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलचं, पारडं मला सर्वांत जड वाटतं. चोरणाऱ्याकडे जेपेग असतो, रॉ नसते. त्या फोटोच्या आधीच्या-नंतरच्या फ्रेम तर नसतातच. मोबाइलवर काढत असाल तर मूळ फाइल आणि त्याच वेळचे बाकीचे फोटो जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीतून तारीख, कॅमेरा वगैरे माहिती गळून जाते, तेव्हा ती प्रत पुरावा म्हणून फारशी कामाची नाही. इथे खर्च हार्ड डिस्कचा. दोन घ्या, आणि दोन्ही एकाच कपाटात ठेवू नका.

नोंदणीचं गणित वेगळं. कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज करता येतो. कलाकृतीसाठी शुल्क ५०० रुपये, मालावर किंवा सेवेसाठी वापरायची असेल तर २,०००; हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं आणि पुढची तपासणी वेगळीच. शुल्क प्रत्येक कलाकृतीमागे असल्याने शंभर फोटोंचे ५० हजार होतात. बदल्यात मिळणारी नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरते. पण नोंदणी नाही म्हणून दावाच लावता येत नाही असं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये संजय सोया प्रकरणात हे स्पष्ट केलं. कॅलेंडर, पुस्तकाचं मुखपृष्ठ, हॉटेलच्या भिंती यांसाठी पुन्हापुन्हा विकले जाणारे चार-पाच फोटो असतील तर जरूर नोंदवा. हौशी माणसाने सगळा फोल्डर नोंदवणं म्हणजे पैसे पाण्यात.

आणि चोरी सापडलीच तर? वेबसाइटला लेखी तक्रार पाठवायला नोंदणीचं प्रमाणपत्र लागत नाही. २०१३ च्या कॉपीराइट नियमांनुसार, तक्रारीत तथ्य दिसलं तर फोटो साठवणाऱ्या संकेतस्थळाने ३६ तासांत तो रोखायचा असतो. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश दाखवला नाही, तर ते तो पुन्हा खुला करू शकतात.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना मात्र वरच्या तिन्हींआधी करार हवा. कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळं ठरलं नसेल तर. म्हणजे नवरा-नवरीचा तो झकास फोटो तुमच्या स्टुडिओच्या जाहिरातीत वापरायचा, तर ‘कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील’ ही ओळ आगाऊ रक्कम घेतानाच्या कागदावर आली पाहिजे. उलट बाजूने कोणी तुमच्याकडून हक्क लिहून घेत असेल तर मुदत आणि प्रदेश वाचा. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘सर्व हक्क, कायमचे, जगभर’ असं छापलेलं असेल तर दर त्या हिशेबाने सांगा.