५६००जी, की ५६०० आणि वर कार्ड?

लॅमिंग्टन रोडवर पहिला गेमिंग पीसी जुळवायला गेलात की काउंटरवरून प्रश्न येतो, "ग्राफिक्स कार्ड आत्ता घेणार की नंतर?" सगळी गोम या 'नंतर'मध्येच आहे.

रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग असतो. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट सेटिंग उतरवून मजेत चालतात. पण या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते रॅमवर जगतं. १६ जीबीची एकच स्टिक लावली तर रॅमकडे जाणारा निम्मा रस्ता बंद. ८-८च्या दोनच घ्या. मी एकच लावली होती आणि गेम अडखळतो म्हणून आठवडाभर ड्रायव्हरला शिव्या घालत होतो!

नुसत्या ५६००मध्ये ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय स्क्रीन काळी. मात्र एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी, ३२ एमबी; ५६००जीला १६च. शिवाय कार्डाला प्रोसेसरशी जोडणारा मार्ग, पीसीआयई, ४.० पिढीचा; ५६००जीला जुना, हळू ३.०. आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड या मार्गाच्या मुळात आठच लेन वापरतं, त्यामुळे ५६००जीवर 'नंतर' बसवलेलं हे कार्ड किंचित मागे पडतं. फार नाही, पण पैसे तेवढेच मोजलेले असतात.

माझं मत? चार-सहा महिन्यांत कार्डाचे पैसे जमणार असतील तर थांबा, ५६०० आणि ६६०० एकदमच घ्या. ते कार्ड १३२ वॅटचं, नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरतो. काटकसर चमकत्या पंख्यांत करा, सप्लायमध्ये नको. अभ्यास, कोडिंग आणि रात्री दोन मॅच एवढंच असेल तर ५६००जी घ्या आणि उरलेल्या पैशांत बरा मॉनिटर आणा.