चार डायलचा व्हॅक्यूम गेज सेट: आधी गेज जुळवा, मग कार्बोरेटर

गाडी नवऱ्याची. होंडा सीबी७५०, १९७५ची, के५. पण प्रेशर आणि व्हॅक्यूम गेज हा माझा पोटापाण्याचा विषय आहे. भोसरीतल्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये मी लोकांचे गेज पास-नापास करते. त्यामुळे हा ऑनलाइन मागवलेला सेट गाडीला लागायच्या आधी माझ्या हातात पडला, आणि रिव्ह्यूही मी त्याच क्रमाने लिहितेय. सेटवर कंपनीचं नाव कुठेच नाही. असे सेट बरेच विक्रेते आपापल्या डब्यात घालून विकतात. आम्हाला साडेतीन हजारांच्या आसपास पडला.

डब्यात काय येतं: पत्र्याच्या पट्टीवर बसवलेले चार डायल, चार काळ्या रबरी नळ्या, प्रत्येक नळीत एक पितळी फिरकी, आणि ५ व ६ मिलीमीटर आट्यांचे अडॅप्टर. पट्टीला वर हूक आहे, हँडलला अडकवता येतो. नळ्या एकाच लांबीच्या आहेत हे बरं केलंय, पण त्यांच्यावर नंबर नाहीत. आम्ही चार रंगांच्या इन्सुलेशन टेप गुंडाळल्या. इंजिन चालू असताना कुठली नळी कुठल्या सिलिंडरची हे शोधत बसायला वेळ नसतो.

ज्यांच्या गाडीला एकच कार्बोरेटर आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. सीबी७५०ला चार सिलिंडर, ७३६ सीसी, आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा केहिन कार्बोरेटर. थ्रॉटल एक, स्लाइड (कार्बोरेटरमधला हवेची वाट उघडणारा दट्ट्या) चार. चारही स्लाइड सारख्याच उघड्या नसतील तर एक सिलिंडर जास्त ओढतो, दुसरा फरफटत मागे येतो, आणि आयडलिंगला गाडी खालून खडखडते. तो खडखडाट बऱ्याचदा प्रायमरी चेनचा (इंजिनातून क्लचकडे जाणारी साखळी) असतो, पण लोक क्लच खोलून बसतात. प्रत्येक सिलिंडर इनटेकमध्ये किती व्हॅक्यूम खेचतो हे मोजलं की कुठली स्लाइड जास्त उघडी आहे ते कळतं. ज्याचं व्हॅक्यूम कमी, त्याची स्लाइड जास्त उघडी.

आता गेज. डायल ० ते ७६ सेंटिमीटर पारा असा आहे. अचूकतेचा क्लास छापलेला नाही. लॅबमध्ये असा गेज आला तर पहिला शेरा त्याचाच पडतो. समजा हा क्लास २.५चा असता, म्हणजे साधारण स्वस्तातल्या बऱ्यापैकी गेजसारखा, तर पूर्ण स्केलच्या अडीच टक्के चूक त्याला माफ. ७६चे अडीच टक्के म्हणजे १.९ सेंटिमीटर. एक गेज तेवढा वर आणि शेजारचा तेवढाच खाली असला तरी दोघंही पास, आणि त्यांच्यातला फरक मात्र ३.८. कार्बोरेटर जुळवताना आपण चार सिलिंडरमधला फरक दोन-तीन सेंटिमीटरच्या आत आणायला निघालेलो असतो. म्हणजे गेजची आपसातली तफावतच कामापेक्षा मोठी. डब्यातून काढून थेट गाडीला जोडलेत, तर तुम्ही कार्बोरेटर नाही, गेजच्या चुका जुळवत बसाल.

शून्य बघून फसू नका. चारही काटे शून्यावर अगदी शिस्तीत उभे असतात, कारण तिथे एक बारीक पिन आहे आणि काटा तिला टेकून उभा आहे. पिन नसती तर तो कुठे गेला असता हे डायल सांगत नाही.

मी चारही नळ्या टी (तीन तोंडांचे जोड) लावून एकत्र केल्या, हातपंपाने व्हॅक्यूम ओढला आणि मास्टर गेजवर, म्हणजे लॅबच्या खात्रीच्या गेजवर, २० सेंटिमीटरला थांबले. पहिला डायल २०.५, दुसरा १९, तिसरा २२.५, चौथा २०. डायलवर दोन-दोन सेंटिमीटरच्याच रेषा आहेत, त्यामुळे मधला अर्धा डोळ्याने घेतलेला. नवऱ्याचं मत पडलं की तिसरा परत पाठवावा. मी नाही म्हटलं. तिसरा गेज चुकतो, पण प्रत्येक वेळी तेवढाच चुकतो. पंप सोडला, पुन्हा ओढला, काटा त्याच जागी आला. असा गेज वापरता येतो. दर वेळी वेगळं सांगणारा असता तर मीच कुरियरवाल्याला फोन केला असता.

या कामात खरा आकडा लागतच नाही. चार सिलिंडर एकमेकांशी जुळले की झालं. मग ते सगळे १९वर जुळोत की २१वर. आणि जुळवायचं एकाच पट्ट्यात असतं, आयडलिंगला, विसाच्या आसपास. म्हणून पूर्ण स्केल तपासायची गरज नाही. खरे २० असताना प्रत्येक काटा जिथे उभा राहिला, तिथे काचेवर लाल टेपची बारीक पट्टी चिकटवली. पुढे कुणी आकडे वाचायचे नाहीत, चारही काटे आपापल्या लाल पट्टीवर आणायचे.

लॅब नसेल तर? फिश टँकच्या दुकानात हवेच्या नळीचे प्लास्टिकचे टी दहा-वीस रुपयांत मिळतात. ते जोडून चारही गेज एकाच सिलिंडरच्या अडॅप्टरला लावा आणि इंजिन आयडलवर ठेवा. चौघांनाही एकच व्हॅक्यूम मिळतंय, म्हणजे जो फरक दिसेल तो गेजचा. तेवढं करायचाही कंटाळा असेल तर निदान दोन नळ्यांची अदलाबदल करून बघा. कमी रीडिंग गेजबरोबर सरकलं तर दोष गेजचा, सिलिंडरवरच राहिलं तर कार्बोरेटरचा.

गाडीवर चढवायच्या आधीची कामं थंड इंजिनावर. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, इनटेकला ०.०५, एक्झॉस्टला ०.०८ मिलीमीटर. मग ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट्स, या गाडीला दोन सेट, एक पहिल्या-चौथ्या सिलिंडरचा, दुसरा दुसऱ्या-तिसऱ्याचा. मग प्लग, आणि इनटेकच्या रबरांना चिरा आहेत का ते. हा क्रम मोडायचा नाही. टॅपेट घट्ट असेल तर त्या सिलिंडरचं व्हॅक्यूम कमी दिसतं, तुम्ही स्लाइड हलवून ते भरून काढता, गेजवर चित्र छान दिसतं आणि व्हॉल्व्ह बिचारा जळत राहतो. गेज सेट घेणारे बहुतेक जण नेमकी ही आधीची कामं टाळण्यासाठीच गेज घेतात, असं माझं निरीक्षण आहे.

नवऱ्याने एक फेरी मारून इंजिन गरम केलं आणि टाकी उतरवली, कारण अ‍ॅडजस्टर टाकीखाली आहेत. पेट्रोलसाठी आपल्याकडच्या मेकॅनिक लोकांचा जुना उपाय: सलाईनसारखी टांगलेली बाटली आणि नळी. ती खिडकीच्या गजाला, इंजिनापासून बाजूला. वाळूची बादली जवळ. समोर उभा पंखा फुल्ल स्पीडवर, कारण इंजिन हवेने थंड होणारं आहे आणि उभ्या गाडीला वारा लागत नाही.

अडॅप्टरबद्दल तक्रार आहे. आटे ठीक कापलेत, या गाडीला बारीकवाले लागले, पण ते आखूड आहेत. बाहेरच्या दोन सिलिंडरना लगेच बसले. आतल्या दोघांपाशी बोटं पोचत नाहीत आणि पाना फिरत नाही. शेवटी नळी आधी अडॅप्टरवर चढवली आणि नळीच पिळत आटे धरवले. आट्यांशी जबरदस्ती करू नका, खाली अ‍ॅल्युमिनियम आहे. लांब अडॅप्टर वेगळे मिळतात, ते सेटबरोबरच मागवून ठेवा.

इंजिन चालू केलं आणि चारही काटे असे थरथरायला लागले की डायल दिसेना. हा सेटचा दोष नाही. हजार आरपीएमला प्रत्येक सिलिंडर मिनिटाला पाचशे वेळा ओढतो, म्हणजे सेकंदाला आठ वेळा, आणि काटा प्रत्येक ओढीला नाचतो. त्यासाठीच त्या पितळी फिरक्या. आमच्या धंद्यात याला स्नबर म्हणतात. नळीतली वाट अरुंद करायची, की ठोके बोथट होतात. या सेटमधली मला सगळ्यात आवडलेली वस्तू हीच. आटे बारीक आहेत, त्यामुळे हळूहळू बंद करता येते. लोक ती पूर्ण पिळतात आणि काटा दगडासारखा स्थिर झाला म्हणून खूश होतात. तसा काटा स्लाइड हलवली तरी हलत नाही, किंवा हलतो तेव्हा तुम्ही पुढचा स्क्रू फिरवून मोकळे झालेले असता. काट्यात जरा थरथर शिल्लक ठेवा, आणि चारही काट्यांना सारखीच.

पहिलं चित्र: पहिला आणि तिसरा आपल्या पट्टीच्या जवळ, दुसरा तीनएक सेंटिमीटर खाली, चौथा पाच. प्रत्येक कार्बोरेटरला वर स्वतंत्र अ‍ॅडजस्टर आणि लॉकनट आहे. लॉकनट सैल करायचा, अ‍ॅडजस्टर चिमूटभर फिरवायचा, काटा पट्टीवर आला की नट आवळायचा. आवळताना काटा पुन्हा सरकतो. मग किती सरकतो याचा अंदाज घेऊन तेवढा अलीकडे थांबायचं. त्यातच एक स्लाइड हलवली की इंजिनचा एकूण वेग बदलतो, म्हणून बाकीचे तीन काटेही सरकतात. प्रत्येक फेरीनंतर थ्रॉटल दोन-तीनदा उघडून सोडायचा, स्लाइड आपल्या जागी बसू द्यायच्या, आणि मग बघायचं. घाईचं काम नव्हे; इंजिन तापलं की बंद करून चहा प्यायचा.

चारही काटे पट्टीवर आल्यावर आयडलिंग आपोआप वर गेलं, ते मधल्या आयडल स्क्रूने खाली घेतलं. खालचा खडखडाट बराच उतरला. पूर्ण गेला नाही, पण पन्नास वर्षांच्या चेनकडून तशी अपेक्षाही नव्हती.

मुंबईच्या एका ओळखीच्या गृहस्थांचा हट्ट होता की त्यांच्या गाडीवर रीडिंग जास्त येतं, म्हणजे त्यांचं इंजिन जास्त चांगलं. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत व्हॅक्यूम दाखवतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, त्यामुळे इथल्या हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर पाऱ्याने कमी. तेच इंजिन घाट चढून आलं की डायलवर कमी दिसणारच. मुंबईकरांनी उगीच कॉलर ताठ करू नये.

दुसरे पर्याय आहेत. जुन्या पाऱ्याच्या नळ्या सगळ्यात प्रामाणिक, कारण चारही नळ्या एकाच टाकीतून भरतात आणि शून्य सगळ्यांचं एकच. पण थ्रॉटल जोरात उघडून सोडला तर पारा इंजिनात जाऊ शकतो, आणि घरात पारा मी तरी ठेवणार नाही. उत्तर आयर्लंडच्या कार्बट्यून नावाच्या साधनात पाऱ्याऐवजी स्टीलच्या दांड्या वरखाली होतात. परदेशातून कुणी येणार असेल तर जरूर सांगून ठेवा. दोनच सिलिंडर असतील, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूचं जुनं बॉक्सर इंजिन, तर माझं सरळ मत आहे की डायल घेऊच नका. पारदर्शक नळीचा यू करा, त्यात थोडं तेल घाला, आणि दोन टोकं दोन सिलिंडरना जोडा. पाणी पाऱ्यापेक्षा साडेतेरा पट हलकं, तेल त्याहून थोडं हलकं. डायलवर जेमतेम दिसणारा एक सेंटिमीटरचा फरक इथे पंधरा सेंटिमीटरच्या वर दिसतो. फक्त दोन्ही बाजूंना मध्ये एकेक रिकामी बाटली घाला, नाहीतर फरक मोठा असला की इंजिन सगळं तेल पिऊन टाकेल. चार सिलिंडरना ही युक्ती फार लांबण लावते, म्हणून आमच्यासाठी डायलच.

राजदूत ३५०वाल्यांचा प्रश्न येणार हे माहीत आहे. दोन कार्बोरेटर आहेत, पण ते टू-स्ट्रोक; तिथे दोन्ही स्लाइड केबलवर एकाच वेळी, सारख्याच उचलल्या जातात का हे बघायचं असतं. या सेटचे पैसे वाचवा.

मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क आखूड अडॅप्टरचा, अर्धा नळ्यांचा. रबर आत्ताच कडक लागतंय, दोनेक वर्षांत तोंडाशी तडकेल आणि तिथून हवा ओढेल. उरलेला अर्धा तिसऱ्या डायलचा. काम झाल्यावर अडॅप्टर काढून मूळचे स्क्रू वॉशरसकट परत बसवा. वॉशर हरवला तर तिथून हवा शिरते आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी मिसिंग करते. नाना पेठेत मिळतात, जुना वॉशर नमुन्याला घेऊन जा.

आणि पुण्यात ज्यांना सेट उसना हवा आहे त्यांनी सांगा, देईन. काचेवरच्या लाल पट्ट्या मात्र साफसूफ करून परत आणू नका.