रत्नागिरीतील सायकल दुकान: निवड उत्तम, जोडणी तपासून घ्यावी

आठवीतल्या मुलीसाठी दिवाळीनंतर रत्नागिरीतील एका दुकानातून गिअरची सायकल घेतली. दुकानात निवड भरपूर आहे, मालक उंची पाहून योग्य मापाची सायकल सुचवतात आणि महागडी वस्तू गळ्यात मारत नाहीत. जोडणीविषयी मात्र सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. दुकानाचे नाव देत नाही, कारण हेच दोष मी चिपळूण आणि सावंतवाडीलाही पाहिले आहेत आणि या दुकानाने ते दुरुस्त करून दिले.

सायकल ताब्यात घेताना पुढचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरणारा दुपाखी दांडा, उलटा बसवलेला दिसला. नवी सायकल दुकानात अर्धवट जोडलेली येते. खोक्यात मावावी म्हणून पुढचे चाक काढलेले, हँडल आडवे केलेले आणि चिमटा पुष्कळदा मागे फिरवलेला असतो. जोडणाऱ्याने तो सरळ न करताच चाक आणि हँडल बसवले, की पुढचा ब्रेक चिमट्याच्या मागे, फ्रेमच्या दांड्याकडे जातो. चिमट्याचा पुढे असायला हवा तो बाक मागे गेल्यामुळे चाक पायाजवळ येते आणि आखूड वळणावर बुटाचे टोक त्याला घासू शकते. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर मारलेल्या एका फेरीत यातले काही जाणवत नाही. रत्नदुर्ग किल्ल्यावरून उतरताना वळणावर पाय अडकला, तर मूल थेट रस्त्यावर आपटेल.

डावे पॅडलही तिरके शिरले होते. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरवून घट्ट होते, आणि म्हणूनच पाय मारता मारता सैल होत नाही. ते हाताने सहज फिरत नसताना पान्याने रेटले, तर पॅडलचा पोलादी दांडा क्रँकचे (पॅडल जिच्यात बसते त्या दांडीचे) मऊ अॅल्युमिनियमचे आटे कापत आत जातो आणि पुढे कधीतरी पॅडल पायाखालून निखळते.

हे सांगावे की नाही, याचा मी थोडा वेळ विचार केला. सायकल जोडणारा मुलगा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा होता आणि दुकानात गिऱ्हाईक उभे होते. चारचौघांत चूक काढली, तर त्याचा अपमान होईल आणि मालकालाही बचाव करावा लागेल. म्हणून गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो. मालकांचे पहिले उत्तर, ‘काका, कंपनीतूनच असं येतं,’ असे होते. वाद न घालता त्याच रांगेतील दुसरी सायकल शेजारी आणून ठेवली. एकीचा ब्रेक पुढे, दुसरीचा मागे. मालकांनी लगेच मुलाला हाक मारली आणि न रागावता त्याच्याकडूनच चिमटा फिरवून घेतला. क्रँकचे आटे सुदैवाने वाचले होते. खाऱ्या हवेत कोरडे पॅडल गंजून जाम होते, म्हणून आट्यांना ग्रीस लावायला मी सांगितले, तेही त्यांनी लावले.

निघताना एक गृहस्थ नातवाच्या सायकलची सीट स्वतःच्या उंचीला वर ओढताना दिसले. सीटच्या नळीवर किमान किती भाग आत राहिला पाहिजे हे दाखवणारी खूण असते आणि ती बाहेर आली होती. येथे सांगण्यासाठी वाट पाहणे मला योग्य वाटले नाही, कारण ते पुढच्या क्षणी सायकलवर बसणार होते. घंटी डावीकडे आहे, टायरवरचे नाव व्हॉल्व्हसमोर येत नाही, अशा गोष्टींबद्दल मी कधी बोलत नाही. ब्रेक, चाक, चिमटा, हँडल, सीट आणि पॅडल यांबाबत मात्र गप्प राहणे मला जमत नाही.

महिन्याभराने मोफत सर्व्हिसिंगसाठी गेलो, तेव्हा रांगेतले सर्व चिमटे सरळ होते. तोच मुलगा पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवत होता आणि हँडलखालच्या बेअरिंगमध्ये खुळखुळ आहे का, हे पाहत होता. एका सायकलच्या चाकाची पानारहित खिट्टी (क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय चाक आवळायची दांडी) मात्र तो नटासारखी गोल फिरवून आवळत होता. ती दांडी दुमडून, तळहातावर वळ उठेल इतक्या जोराने दाबून बंद करायची असते, असे या वेळी त्यालाच सांगितले आणि त्याने दोन्ही चाके पुन्हा बसवली. धाकट्या मुलाची सायकल मी येथूनच घेणार आहे, मात्र पैसे देण्यापूर्वी ती दुकानातच तपासून.