रस्त्याचे १,८०,००० गेले, वर भिंत उभी राहिली

माझा प्लॉट मागचा. एका अंगाला बोळ आहे, पण त्यातून स्कूटर जेमतेम जाते. पुढच्या शेजाऱ्याने स्वतःहून विषय काढला: त्याच्या हद्दीतला दहा फुटांचा रस्ता दोघांत सामाईक, कायमचा. १,८०,००० रुपये. एक लाख चेकने, ८०,००० रोख. पेव्हर ब्लॉकचे ४६,५०० वेगळे, तेही मीच घातले. ५०० च्या स्टँपवर करार, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार. "रजिस्ट्रीला कशाला पैसे घालवता काका, आपण काय परके आहोत?"

त्याच आठवड्यात दोन अनोळखी माणसं त्याच्या प्लॉटवर टेप ओढत होती, एका कोपऱ्यापासून थेट माझ्या रस्त्यावरून पलीकडे. विचारलं तर म्हणे, "कंपाउंडवाले आहेत, भाव काढतायत." कंपाउंडवाला रस्त्याची रुंदी कशाला मोजेल? आणि मी त्यांना चहा पाठवला! तो चहा बायको अजून ऐकवते. पण ज्याच्या मुलीच्या लग्नात वाढपी म्हणून उभा राहिलो, त्याच्यावर संशय कोण घेईल? तुम्ही घेतला असता?

प्लॉट विकून तो मोकळा झाला. खरेदीखतात रस्त्याचा उल्लेखच नाही. नव्या मालकाने भिंत घातली. "कागदावर माझी सही दाखवा."

पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. अर्जाची पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेत. तहसीलमध्ये अर्ज, उतारा, नकाशा, तिकीट सगळं लावून घेतलं आणि मग सांगितलं, प्लॉट बिगरशेती, १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा शेतीच्या वाटेला लागतो. हे पहिल्या खिडकीवर सांगता येत नव्हतं? ग्रामपंचायत म्हणे, खाजगी रस्ता, आमचा संबंध नाही. फसवणाऱ्याला मात्र यातल्या एकाही टेबलापुढे उभं राहावं लागलं नाही.

रोख देऊ नका, माझ्या ८०,००० ची पावती नाही. वकील सांगतात, असा हक्क रजिस्टर दस्तानेच मिळतो. नोटरीचा कागद फार तर वापराची परवानगी ठरेल, आणि ती नव्या मालकाला बांधत नाही. वहिवाट म्हणावी तर २० वर्षं लागतात, गरजेचा रस्ता म्हणावा तर तो बोळ आडवा येतो. दाव्याची फी ६०,०००.

उताऱ्यावर जितकी नावं, तितक्यांच्या सह्या घ्या. दस्ताला मोजणीचा नकाशा जोडा. उताऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंद लागेपर्यंत एक ब्लॉकही टाकू नका. त्या शेजाऱ्याचा दुसरा प्लॉट विक्रीला निघालाय म्हणे. रस्ता सामाईक आहे असं सांगेल, तेव्हा दस्ताचा नंबर विचारा.